रोमँटिक सस्पेन्स: ऐकायची की वाचायची?

शनिवार-रविवारात एक रोमँटिक सस्पेन्स संपवायची, तर ऑडिओबुक घ्यावं की वाचनालयातून कादंबरी आणावी? मी दोन्ही करून बघितलंय. मोबाइलवर वाचणं यात धरत नाही. दोन पानांनंतर बोट व्हॉट्सअ‍ॅपवर जातंच.

ऐकण्याची बाजू तशी भक्कम आहे. 2017 च्या अखेरीस स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप भारतात आलं आणि मराठीत ऐकायला भरपूर मिळू लागलं. हात मोकळे राहतात, हा मोठा फायदा. इकडे गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घालणं चालू आणि तिकडे नायिकेला निनावी चिठ्ठ्या येताहेत, हे छापील पुस्तकात कसं जमणार? जळगाव-भुसावळ जाऊन-येऊन दोन-तीन प्रकरणं सहज होतात.

पण या प्रकारच्या कादंबरीचा सगळा जीव एका शंकेत असतो: ती ज्याच्यावर भाळली आहे, तोच तर खुनी नाही ना? ही शंका लेखक बारीकसारीक गोष्टींतून पेरतो. शर्टाचं तुटलेलं बटण, बोलण्याच्या ओघात चुकीची सांगितलेली वेळ. आणि नेमका तिथेच निवेदक आवाज खाली आणतो. आता मे महिन्याची दुपार, बाहेर पंचेचाळीसच्या आसपास पारा आणि घरात लोखंडी कूलर फुल्लवर. त्या घरघरीत कुजबुज काय डोंबल ऐकू येणार? आवाज वाढवावा तर पुढच्याच वाक्याला नायिका किंचाळते आणि वामकुक्षी घेणारी सगळी मंडळी उठून बसतात. हेडफोन लावले की कान घामानं चिकचिकतात. पंधरा सेकंद मागे, पुन्हा पंधरा सेकंद मागे. तोवर रहस्याचा चोथा झालेला असतो. लाइट गेली की मात्र शब्दन् शब्द स्पष्ट ऐकू येतो, पण तेव्हा ऐकायची हौस कुणाला असते?

शिवाय काही निवेदक गुन्हेगाराला पहिल्याच भेटीत घोगरा आवाज देऊन मोकळे होतात. माझेच कान जरा जास्त संशयी असतील, पण मजा जाते एवढं खरं.

पुस्तकाला कूलरशी काही देणंघेणं नाही. "हा तर म्हणाला होता, मी नऊलाच निघालो," असं आठवलं की चालू पानात बोट ठेवून मागची पानं चाळायची आणि त्याला रंगेहाथ पकडायचं. मला विचाराल तर हा प्रकार वाचायचा तो एवढ्यासाठीच. वाचनालयाच्या प्रतीचे त्रास आहेतच. बाइंडिंग इतकं घट्ट की ओळीचं टोक घडीत जातं. एखादा आगाऊ वाचक पेन्सिलीनं संशयिताच्या नावाखाली रेघ मारून ठेवतो. पण तो बहुतेक वेळा चुकलेला असतो, तेही एक सुख.

थंडीत, कूलर बंद असताना किंवा लांबच्या प्रवासात ऑडिओ जरूर घ्या. उन्हाळ्यातल्या सुट्टीसाठी मात्र शनिवारी ऊन चढायच्या आत वाचनालय गाठा. पुस्तक नावावर चढवण्याआधी शेवटची पानं जागेवर आहेत ना, तेवढं बघा. फक्त आकडे बघायचे, मजकूर नाही.