‘हर्बल आहे, चालतं’ असं सांगून विकलेल्या कॅप्सूल

घरात कोणाची अँजिओप्लास्टी झाली असेल आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर हे जरूर वाचा. रक्ताभिसरण सुधारतं म्हणून माझ्या आईच्या गळ्यात ज्या कॅप्सूल मारल्या, त्यात पैसे तर गेलेच, शिवाय तिच्या जिवाशी खेळ झाला.

आई 72 वर्षांची, मुंबईत लालबागला राहते. मधुमेह जुना, स्टेंट (हृदयाची धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेला, रक्त पातळ करणाऱ्या अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या रोज. अलीकडे मार्केटपर्यंत जाताना पोटऱ्या भरून यायच्या, थांबलं की बरं वाटायचं. तिच्या भजनी मंडळातल्या एका बाईंनी ही तक्रार ऐकली आणि तिला मोफत तपासणी शिबिराला नेलं. त्या स्वतः याच कॅप्सूल घेत होत्या आणि साखळी विक्रीत आपल्या ‘खाली’ नवी माणसं जोडत होत्या. ओळखीच्या माणसाने आणलं की शंका घ्यायची सोय राहत नाही, आणि हा सगळा धंदा त्यावरच चालतो.

शिबिरात टाय लावलेला एक माणूस, लॅपटॉप आणि वायर जोडलेली धातूची दांडी. दांडी मुठीत धरली की मिनिटाभरात भलामोठा रिपोर्ट छापून येतो. रक्ताची घट्टता, धमन्यांची लवचिकता, मेंदूचा रक्तपुरवठा, सगळं लाल रंगात. रक्ताचा एक थेंब न काढता! अशी दांडी धरून यातलं काहीही मोजता येत नाही. तिथे आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या रिपोर्टमध्ये थोड्याफार फरकाने तेच होतं.

मग प्रयोग. ग्लासभर पाण्यात जखमेवर लावायचं तपकिरी आयोडीन टाकलं. “आई, हे तुमचं रक्त.” त्यात कॅप्सूल फोडून ढवळली, पाणी स्वच्छ. बायकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी घरी तोच प्रयोग लिंबू पिळून आईसमोर केला. क जीवनसत्त्वामुळे आयोडीनचं आयोडाइड होतं आणि त्याला रंग नसतो, एवढीच ती रसायनाची गोष्ट. रक्तवाहिनीतला अडथळा नळात साचलेल्या गाळासारखा नसतो, की काहीतरी ओतलं आणि वाहून गेला. चरबी आणि कॅल्शियमचा तो थर वाहिनीच्या भिंतीतच वाढत जातो.

बाटली 2,400 रुपयांची. आत जिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क), द्राक्षाच्या बियांचा अर्क, पाइनच्या सालीचा अर्क. ‘स्मरणशक्ती वाढते’ हा दावा जिन्कोच्या नावावर सर्रास खपवतात. अमेरिकेत 75 आणि त्यापुढच्या वयाच्या 3,000 हून जास्त लोकांपैकी सुमारे निम्म्यांना वर्षानुवर्षं जिन्को आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी देऊन पाहिलं होतं. 2008 मध्ये निष्कर्ष आला की स्मृतिभ्रंश टळत नाही. बाकीचे दोन अर्क अँटिऑक्सिडंट म्हणून, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ‘फ्री रॅडिकल्स’ना रोखणारे म्हणून विकतात. अँटिऑक्सिडंट म्हणजे निदान अपाय तरी नाही, हेही खरं नाही. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. ते 1994 साली जाहीर झालं. हे तीस वर्षांपूर्वीचं आहे, आणि आमच्या चाळीत आजही ‘फ्री रॅडिकल्स मारतं’ म्हणून माल विकला जातोय.

आईने त्या माणसाला स्वतःहून विचारलं होतं, माझ्या हार्टच्या गोळ्या चालू आहेत, चालेल का? तो म्हणाला, “हर्बल आहे, सगळ्याबरोबर चालतं. पुढे त्या गोळ्याही सुटतील.” या वाक्याचा मला अजून संताप येतो. काही आठवड्यांत आईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर निळे डाग दिसू लागले. केईएम रुग्णालयाच्या ओपीडीत डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि पहिल्यांदा ती बंद करायला सांगितली. जिन्कोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या आधीच चालू असताना तो पत्करायचं कारण नाही, असं त्यांनी समजावलं. हार्टच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर माणूस जाऊ शकतो.

पायांची खरी तपासणी तिथेच झाली. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. 0.9 किंवा कमी आलं तर पायाच्या धमन्यांत अडथळा धरतात. आईचं कमीच आलं. आता कोलेस्टेरॉलची गोळी, साखरेवर ताबा आणि पोटऱ्या दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालणं असे उपचार चालू आहेत. कॅप्सूलच्या नादात ही तपासणी लांबली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

बाटलीवर बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापलेलं आहे. ते छापणं अशा मालाला बंधनकारकच असतं, पण तोंडी मात्र ब्लॉकेज उघडण्याची हमी. हृदयरोग किंवा मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीच्या (दुकानाशिवाय विक्रेत्यांमार्फत ग्राहकाला माल विकण्याच्या) 2021 च्या नियमांनुसार ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय विक्रेत्याने घरी यायचं नसतं, आणि माणसं जोडण्यावर चालणारी पिरॅमिड योजना तर बेकायदाच. आम्हाला बिलसुद्धा दिलं नव्हतं. पैसे मागितले तेव्हा ‘बाटली फोडलीत’ म्हणून हात वर केले.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे बाटली आणि तो लाल रिपोर्ट घेऊन जाणार आहे. मंडळातल्या त्या बाईंवर माझा राग नाही, त्यांचेही बरेच पैसे अडकलेत आणि साक्ष द्यायला त्या तयार झाल्यात. लालबाग, परळ, काळाचौकी भागात तुमच्याकडेही दांडी धरायला लावणारं असं शिबिर झालं असेल, तर रिपोर्ट फाडू नका, बाटली फेकू नका, पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. आणि उरलेल्या कॅप्सूल तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना आधी दाखवा.