डिजिटल पियानो की मिडी कंट्रोलर: पेटीवर घडलेल्या बोटांसाठी

लॅपटॉपवरची सॉफ्टवेअर वाद्ये वाजवण्यासाठी स्वस्तातला डिजिटल पियानो घ्यावा, की केवळ त्याच कामासाठी बनवलेला मिडी कंट्रोलर, असा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या भजनी मंडळांना साथ करणाऱ्या आणि घरीच ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींकडून अलीकडे मला बऱ्याचदा विचारला जातो. मी स्वतः सुमारे तीन वर्षे ६१ पट्ट्यांचा कंट्रोलर वापरला आणि त्यानंतर ८८ पट्ट्यांचा साधा डिजिटल पियानो घेतला. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते प्रयोगशाळेतले मोजमाप नसून दोन्ही वाद्यांसमोर बसून झालेले मत आहे, असे समजून वाचावे.

लॅपटॉपला या दोहोंतला फरक कळत नाही. कोणती पट्टी दाबली, किती वेगाने दाबली आणि केव्हा सोडली एवढाच निरोप दोन्हींकडून जातो, आणि त्या निरोपाची भाषा, म्हणजे मिडी, १९८३पासून तीच आहे. आवाज लॅपटॉपमधून निघत असल्यामुळे पियानोच्या आत किती टोन आहेत किंवा त्याची पॉलिफोनी, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची संख्या, किती आहे, याचा या निवडीत फारसा संबंध राहत नाही. आपण पैसे मोजतो ते प्रामुख्याने पट्ट्यांसाठी.

पट्टीचा जोर मोजला जातो असे आपण सहज म्हणतो, परंतु बहुतेक वाद्यांत प्रत्यक्षात मोजला जातो तो वेळ. पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती क्षण गेले, त्यावरून १ ते १२७ या दरम्यानचा आकडा ठरतो, आणि त्यालाच व्हेलॉसिटी म्हणतात. पट्टी हलकी आणि स्प्रिंगवर उचललेली असेल, तर बोटाच्या किंचित घाईनेही तो वेळ निम्मा होतो. पियानो शिकलेल्या माणसाचे बोट हा फरक सांभाळते, पण आमच्याकडे पियानो शिकून आलेले वादक थोडे. पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या पेटीवादकांनी वर्षानुवर्षे ज्या बेळगावात विद्यार्थी घडवले, तिथे बहुतेकांची बोटे पेटीवरच तयार झालेली असतात. पेटीत आवाजाचा चढउतार डाव्या हाताच्या भात्याकडे असतो आणि उजव्या हाताला फक्त पट्टी वेळेवर दाबायची आणि सोडायची असते, त्यामुळे ती किती वेगाने खाली गेली याची चौकशी आयुष्यात कोणी केलेली नसते.

याच सवयीने माझा निर्णय करून टाकला. एका अभंगाला मागे पियानोचे मंद स्वर हवे होते. गायक तयारीचे होते, ध्रुपद उत्तम आले, आणि दुसऱ्या कडव्यात समेच्या अलीकडे एक गंधार असा काही ओरडला की गाणाऱ्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. पडद्यावर त्या ओळीतले सगळे स्वर साठ ते सत्तरच्या घरात होते आणि तो एकटा गंधार १२१वर उभा होता. पुन्हा वाजवले, गंधार शहाण्यासारखा वागला आणि पंचम ओरडला. शेवटी गायक घरी गेले आणि मी बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या खोलीत रात्री साडेअकरापर्यंत माउसने एकेका स्वराची उभी रेघ धरून खाली ओढत बसलो. हे एकदा झाले असते तर विसरलो असतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणानंतर हेच काम उरू लागले. कंट्रोलरमधील व्हेलॉसिटीचा वक्र, म्हणजे बोटाच्या कोणत्या वेगाला कोणता आकडा द्यायचा ती सोय, बदलून पाहिला, तर ओरडणारे स्वर खाली आले खरे, पण त्यांच्याबरोबर सगळीच साथ मेल्यासारखी झाली. दोष यंत्राचा की माझ्या बोटांचा, याचा प्रामाणिक निवाडा करायचा तर बोटांचा वाटा मोठा होता. परंतु पन्नाशीला आलेली बोटे बदलण्यापेक्षा वाद्य बदलणे मला सोपे वाटले.

डिजिटल पियानोच्या पट्टीला मागे वजन असते. बोट घाई करू लागले तरी ते वजन त्याला थोडे अडवते, आणि ओढूनताणून काही न करता स्वर एकमेकांच्या जवळ पडतात. पहिल्याच आठवड्यात माझे माउसचे काम फार कमी झाले. अर्थात सगळे पियानो सारखे नसतात. रोलँड एफपी-१० मध्ये पट्टीखाली तीन संपर्कबिंदू आहेत, यामाहा पी-४५ आणि कॅसिओ सीडीपी-एस१०० यांत दोन. तिसऱ्या बिंदूमुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. ज्यांच्या वादनात एकाच स्वराची जलद पुनरावृत्ती येते त्यांनी हे ध्यानात घ्यावे, इतरांचे दोनावर काही अडत नाही असे मला वाटते.

आता कंट्रोलरच्या बाजूचे बोलले पाहिजे. स्वस्त डिजिटल पियानोला सहसा पिच बेंडचे, म्हणजे वाजता स्वर वर-खाली सरकवणारे, चाक नसते आणि मॉड्युलेशनचेही नसते. पियानोच्या आवाजाला या दोन्हींची गरज नाही, पण व्हायोलिनसमूहाचे बहुतेक सॉफ्टवेअर आवाजाचा चढउतार मॉड्युलेशनच्या चाकावर सोपवते. चाक नसेल तर तो समूह एकाच पातळीवर बसून राहतो. बासरी किंवा सारंगीच्या टोनवर मींड घ्यायची असेल तर पिच बेंडला पर्याय नाही. आणि पेटीचेच सॉफ्टवेअर वाजवायचे असेल तर तराजू सरळ कंट्रोलरकडे झुकतो, कारण तिथे व्हेलॉसिटी एका आकड्यावर बांधून टाकायची असते, हलक्या पट्टीवर ताना मोकळ्या जातात आणि भात्याचे काम एखाद्या स्लायडरकडे देता येते. पियानोच्या जड पट्टीवर द्रुत लयीतली तान घेताना माझे मनगट आजही कुरकुरते. मी यावर काढलेला मार्ग म्हणजे पियानोच्या डाव्या बाजूला २५ पट्ट्यांचा एक छोटा कंट्रोलर केवळ चाकांसाठी ठेवला आहे. सॉफ्टवेअर दोन्ही वाद्ये एकाच वेळी स्वीकारते, त्यामुळे उजवा हात पियानोवर आणि डावा चाकावर अशी व्यवस्था जमते. डावा हात रिकामा राहिला की पेटीवाल्याला तसेही चुकल्यासारखे होते.

जोडणीचा बाऊ करण्याचे कारण नाही. या किमतीतल्या बऱ्याच पियानोंना प्रिंटरला लागते तीच यूएसबी केबल चालते. मी ती खडेबाजारातून आणली. पहिल्या दिवशी मात्र प्रत्येक स्वर दुहेरी आणि पत्र्यासारखा ऐकू येतो, कारण पियानोचा स्वतःचा आवाज आणि लॅपटॉपचा आवाज काही क्षणांच्या अंतराने एकत्र येतात. लोकल कंट्रोल, म्हणजे पट्ट्यांनी पियानोचा स्वतःचा आवाज वाजवण्याची सोय, बंद केला, किंवा पियानोचा आवाज शून्यावर नेला, की हा त्रास संपतो. स्वर उशिरा येत असेल तर त्याचा दोष पियानोला देऊ नये; ४४.१ किलोहर्ट्झवर बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे जेवढे तुकडे जमवून पुढे पाठवतो तो आकडा, ५१२ ठेवला तर एकट्या बफरचाच उशीर ११.६ मिलिसेकंद होतो, १२८वर तो २.९ इतका खाली येतो. विंडोजवर चांगला आसिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजातला उशीर कमी करणारे जोड-सॉफ्टवेअर, असेल तर फरक लगेच जाणवतो. स्वर लांबवणाऱ्या पेडलबाबत एकच सूचना करतो. वाद्य चालू करताना त्यावर पाय ठेवू नये, कारण काही वाद्ये त्या क्षणीच पेडलची दिशा ठरवतात आणि मग पेडल सोडल्यावर स्वर लांबतो, दाबल्यावर तुटतो. एका मुलाने याच कारणाने नवे पेडल दुकानात परत केले होते.

नेआण करणाऱ्यांसाठी कंट्रोलर निःसंशय सोयीचा. तो पिशवीत घालून निपाणीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसता येते. सीडीपी-एस१०० साडेदहा किलोचा, पी-४५ साडेअकरा किलोचा आणि एफपी-१० स्टँडशिवाय सव्वाबारा किलोच्या आसपास आहे. त्यात लांबी अशी की रिक्षात पियानो तिरपाच बसतो. मी पियानो घरातून हलवत नाही, म्हणून हा मुद्दा माझ्या निर्णयात हलका ठरला, दर एकादशीला वेगळ्या गावी साथीला जाणाऱ्याच्या बाबतीत तोच सर्वांत जड ठरेल.

उलट बाजूला एक गोष्ट अशी की कंट्रोलर लॅपटॉपशिवाय मुका असतो. सकाळी पंधरा मिनिटे बोटे फिरवायची म्हटली तरी लॅपटॉप सुरू करा, सॉफ्टवेअर उघडा, आवाजाचे मुद्रित नमुने (सॅम्पल) भरण्याची वाट पाहा, असा खटाटोप होतो, आणि तोवर चहा झालेला असतो. पियानोचे बटण दाबले की स्वर. खानापूरकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तिथल्या मित्रांना हेही सांगतो की सीडीपी-एस१०० सहा एए सेलवर चालतो. पियानोचा एक उपद्रव मात्र लपवू नये. हेडफोन लावून वाजवताना वाजवणाऱ्याला मधुर स्वर ऐकू येतात आणि खालच्या मजल्यावर फक्त पट्ट्यांचे ठोके पोहोचतात. आमच्या खालच्या काकूंनी 'रात्री खलबत्त्यात काय कुटता?' असे विचारल्यानंतर मी स्टँडच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे घातले.

खरेदीला जाताना लॅपटॉप आणि केबल बरोबर न्यावी, आणि दुकानदाराची हरकत नसेल तर जोडून पाहावे. मधल्या सप्तकातला एकच गंधार अगदी हळू, सारख्या मनाने वीस वेळा वाजवावा आणि पडद्यावरचे आकडे पाहावेत. ते दहा-पंधराच्या अंतरात राहिले तर त्या पट्ट्यांवर आपली बोटे निभावतील, मग त्या पट्ट्या कंट्रोलरच्या असोत वा पियानोच्या. माझे आकडे कंट्रोलरवर ४८ ते ११० असे पसरले होते आणि पियानोवर ५५ ते ६८च्या दरम्यान राहिले. दुकानदाराने विचारले, 'एवढा एकच सूर वाजवून कसं कळलं?' मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.