तोंड उघडलं की गाणं बंद : हेडफोन, आठ महिने आणि एक अर्धी प्रेमकथा

कालच हेडफोनच्या सर्व्हिस सेंटरमधून तिसऱ्यांदा हात हलवत परत आलो. बोललं की गाणं अडकतं हे दाखवायला यावेळी तर काउंटरवर उभं राहून माझ्याच कादंबरीतल्या नायिकेचा संवाद पुटपुटून दाखवावा लागला. मागे रांगेत चौघं. आणि एवढं करून हेडफोन तिथे गुणी बाळासारखे वागले, गाणं एकदाही अडकलं नाही. "बघा सर, ओके आहे." म्हणून आता इथे लिहायला बसलोय.

कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. पूर्ण कान झाकणारे, नॉइज कॅन्सलिंगवाले म्हणजे बाहेरचा आवाज कापणारे, मधल्या फळीतले हेडफोन. स्पेक्स तुम्हाला पाठ असतील. आठ महिने, रोज रात्रीचे तीन तास, सुटीला सहा. काम एकच, प्रेमकथा लिहिणं. कानात गाणं असल्याशिवाय मला प्रेमाचा प्रसंग लिहिता येत नाही आणि रात्री एक वाजता स्पीकरवर बागेश्री राग लावला तर घरात वेगळाच प्रसंग घडतो.

आधी चांगलं बोलून घेतो, नंतर राहून जाईल. पंख्याची घरघर हे हेडफोन साफ गिळतात. माणसांचं बोलणं फक्त पुसट होतं. तो यांचा दोष नाही, एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज कापणंच सोपं असतं. एका मित्राने गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, मग तानपुराही कापला जातो का? नाही रे बाबा. माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याची उलटी लाट तयार होते, गाण्यातल्या तानपुऱ्याच्या वाटेला कोणी जात नाही. एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवरून गाणं जास्त बारकाव्यांसह पाठवायची पद्धत, तिच्या ९९० केबीपीएसचा नादही आठवडाभर करून पाहिला. फरक ऐकायला लिहिणं थांबवावं लागतं, म्हणून आता एएसी या साध्या पद्धतीवर आहे, बॅटरीही जास्त पुरते. आवाज हळूच ठेवतो. आठवड्याला ४० तास ऐकायचं तर ८० डेसिबलच्या आत राहा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मी त्याच्या बराच खाली.

कुशनचं कातडं सहाव्या महिन्यात सोलायला लागलं. पीयू म्हणजे नकली कातडं आहे, घाम आणि दमटपणाने ते सुटणारच. कंपनीच्या मते कुशन म्हणजे 'झिजणारा भाग', वॉरंटीबाहेर. नवी जोडी घेणार नव्हतोच. जुन्या टीशर्टच्या बाह्या कापून कव्हरं शिवली. दिसतात भिकार, पण कानाला मऊ लागतात.

आता सेन्सर.

हेडफोन काढले की गाणं थांबतं, घातले की सुरू होतं. सगळ्यांना माहीत असलेली सोय. डाव्या कपात आत, जाळीच्या कापडामागे बारीक डोळा आहे, त्याला समोर कान दिसत राहायला हवा. माझी अडचण अशी की संवाद लिहिताना मी ते पुटपुटतो. नायकाचे, नायिकेचे, नायिकेच्या आईचेसुद्धा. त्यात मान खाली, कीबोर्डकडे. जबडा हलला की कानापुढे खळगा पडतो, चष्म्याची दांडी कुशन उचलते, फट होते आणि सेन्सरला वाटतं, साहेब निघाले. गाणं बंद. तोंड मिटलं की दोन सेकंदांनी सुरू.

म्हणजे कसं, तर नायिका म्हणते, "तू थांबणार होतास ना?" 'तू'ला बासरी बंद. 'ना' झाल्यावर मी थांबतो, बासरी येते. नायक म्हणतो, "थांबलो होतो. तू आली नाहीस." परत बंद. एका रात्री मोजलं, एका पानाला ३१ वेळा. प्रियकर-प्रेयसीच्या मध्ये रेल्वे फाटक उघडझाप करतंय असं वाटायचं.

अ‍ॅपमध्ये हे बंद करायचं बटण आहे, ते मला सापडायला आठवडा गेला. बंद केलं, आणि पुढचे तीन महिने स्वर्ग. मग अपडेट आला. आता बटण 'बंद' दाखवतं आणि सेन्सर चालूच. पहिल्या फेरीत "रिसेट करा" सांगितलं, ते मी आधीच चारदा केलं होतं. दुसऱ्या फेरीत नऊ दिवस ठेवून घेतले आणि 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून परत. कसा आढळणार? तपासणारा माणूस तोंड मिटून बसला असणार. काल म्हणाले, तुमच्या कापडी कव्हरामुळे होतंय. अहो, कव्हरं सहाव्या महिन्यातली, तक्रार पहिल्या आठवड्यातली!

रात्री रागारागात इथवर लिहून झोपलो. पुढचं सकाळचं आहे आणि थोडं अवघड आहे.

कादंबरीचे अकरा भाग झालेत. पुरावा म्हणून कुठला भाग सेन्सर चालू असताना लिहिला आणि कुठला बंद असताना, हे तारखांवरून काढायला बसलो. सगळे भाग वाचले, हेडफोन न घालता. आणि पंचाईत झाली.

बटण चालत होतं त्या तीन महिन्यांतले चार भाग म्हणजे नुसता धूर. त्यातला विरहाचा भाग मी बागेश्रीवर लिहिला होता, तोच ख्याल पुन्हा पुन्हा लावून. विलंबित म्हणजे संथ एकताल, बारा मात्रांचं एक आवर्तन, तालाची एक फेरी, मिनिटभर रेंगाळते, आणि माझी वाक्यंही तशीच रेंगाळली आहेत. नायिकेला त्या रात्री उठून त्याच्याकडे जायचं होतं. प्रियकराकडे निघणारी अभिसारिका व्हायची ती नटून वाट बघणारी वासकसज्जा होऊन अकरा पानं खिडकीत बसली. लिहिताना माझे डोळे भरले होते, हे चांगलं आठवतंय. आता कळतं की ते बागेश्रीतल्या कोमल गंधाराच्या सुराने भरले होते. तो गंधार पानावर नाही. पानावर पाऊस आहे, पडदा आहे, परत पाऊस आहे. ज्या मैत्रिणीला मी कच्चे भाग वाचायला देतो तिने समासात लिहिलं होतं, "हिला कोणीतरी उठवा." तेव्हा मी तिच्यावर रुसलो होतो.

उलट सेन्सरने छळलेले भाग. भांडणाचा सातवा भाग द्रुत म्हणजे जलद तीनतालावर लिहायला घेतला होता, पण गाणं धड चारसुद्धा आवर्तनं लागलं नाही. प्रत्येक संवाद मी शांततेत म्हटलाय. जो पोकळ होता तो लगेच पोकळ ऐकू आला आणि मी खोडला. "तुझ्याशिवाय माझं जग अधुरं आहे" हे वाक्य संतूर चालू असताना केवढं भारी वाटलं होतं, बंद पडल्यावर मलाच लाज वाटली. त्याजागी आता तो म्हणतो, "किल्ली ठेवून जा." बस. तो भाग मैत्रिणीने एकही खूण न करता परत दिला होता.

याचं श्रेय कंपनीला देणार नाही. गाणं थांबवून संवाद मोठ्याने वाचायला हात आहेत मला, त्यासाठी कोणी फुकट शहाणपण करायला नको. पण माझं रात्रीचं एक वाक्य मागे घेतो, ते वरून मी आधीच काढून टाकलंय, त्यात 'कचरा' हा शब्द होता.

गाण्याशिवाय जमेल असंही नाही. तेही नऊ दिवस करून पाहिलंय, दुसरी फेरी चालू असताना. एकही प्रसंग सुरू झाला नाही. पहिल्या भेटीचा भाग मला सतारीच्या आलापानेच दिला: तबला नाही, ताल नाही, दोघं नुसती एकमेकांचा अंदाज घेतायत. जोड सुरू होऊन लय आली तेव्हा ती पहिल्यांदा हसली. शेवटचा वेगवान भाग, ज्याला 'झाला' म्हणतात, तो येईपर्यंत मी थांबलो नाही, ती चूक टळली. शब्दांची गाणी मात्र लिहिताना पूर्ण बंद. भावगीत लावलं की नायक यमकात बोलायला लागतो.

सकाळीच आणखी एक शोध लागला. सेन्सरच्या डोळ्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला की त्याला कायम समोर कान आहे असंच वाटतं. निदान माझ्या जोडीत चाललं. तोटा एवढाच की काढून ठेवले तरी गाणं वाजत राहतं आणि बॅटरी संपते. वॉरंटीचे चार महिने उरलेत, चौथी फेरी मारणार आहे, बटण दुरुस्त झालंच पाहिजे. तोवर तुकडा टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवलाय. पहिला खर्डा लिहायचा असेल तर लावतो, संवाद असतील तर काढतो.

पाचपैकी तीन तारे. कुशन वर्षभर टिकलं असतं तर साडेतीन.