पाळणाघर अंगणवाडीत, स्वतंत्र की कामाच्या जागी?

गावात किंवा वस्तीत पाळणाघर काढायचे ठरले की बैठकीत पहिला प्रश्न अनुदानाचा निघतो: कोणत्या योजनेत किती मिळते? तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. त्याआधी आया कामाला किती वाजता निघतात आणि किती वाजता परततात, हे घरोघरी विचारून लिहून काढावे. पाळणाघरे बंद पडतात ती बहुतेक वेळा या आकड्यांकडे न पाहता घेतलेल्या मंजुरीमुळे.

सरकारी योजनेच्या किंवा कायद्याच्या वाटा तीन आहेत. केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमातील ‘पाळणा’ योजना 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली आणि तिच्यात दोन प्रकार येतात: अंगणवाडीला जोडलेले पाळणाघर आणि स्वतंत्र पाळणाघर. तिसरी वाट कायद्याने कारखान्याच्या किंवा आस्थापनेच्या मालकावर टाकलेल्या, कामाच्या जागच्या पाळणाघराची. पहिल्या दोन प्रकारांत 6 महिने ते 6 वर्षे वयाची मुले घेतात, एका पाळणाघरात 25 पर्यंत. वेळ दिवसाला साडेसात तास, महिन्याला 26 दिवस.

आता हे साडेसात तास तपासा. सकाळी 9 ला उघडले तर साडेचारला कुलूप. शेतमजूर बाई आठला निघून सहाला घरी येते. मधली तूट मोठ्या बहिणीच्या गळ्यात पडते आणि तिची शाळा बुडते. स्वतंत्र पाळणाघरात यावर उपाय निघतो: पाळणाघराची सेविका साडेसात ते तीन, मदतनीस साडेदहा ते सहा. मधले साडेचार तास दोघी असतात. रांधणे, भरवणे, झोपवणे त्यातच उरकायचे. मात्र सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकी तीन तास एकच बाई राहते. तेवढ्या वेळात तीन वर्षांखालची मुले दहाच्या वर जाऊ देऊ नयेत. दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई हे प्रमाण मालकांच्या पाळणाघरांसाठी केंद्राने 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत आहे, आणि ते कुठेही पाळण्यासारखे आहे.

अंगणवाडीत हीच पाळी बसवणे अवघड. इमारतीची किल्ली अंगणवाडी सेविकेकडे, तिची वेळ ठरलेली, शिवाय सर्वेक्षण, लसीकरणाचा दिवस, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरची नोंद आणि प्रकल्प कार्यालयातली बैठक तिच्याच मागे. पाळणाघराची सेविका आणि मदतनीस वेगळ्या नेमायच्या असतात. त्या नेमल्या जाण्याआधीच पाटी लागली तर अंगणवाडी सेविकाच दोन्ही कामे ओढते आणि दोन्ही बिघडतात. म्हणून नेमणुकीचे आदेश हातात आल्याशिवाय उद्घाटनाची तारीख धरू नका.

तरीही अंगणवाडीच्या बाजूने दोन भक्कम गोष्टी आहेत. वजन-उंची, लसीकरण, पूर्वशिक्षण एकाच छताखाली होते. आणि इमारत बहुधा आधीच उभी असते, भाड्याची कटकट नसते. जागेचा हिशेब मात्र स्वतः टेप लावून करावा. 2018 च्या त्याच सूचनांनुसार मुलामागे 10 ते 12 चौरस फूट धरले तर 25 मुलांना 250 ते 300 चौरस फूट लागतात. एकाच खोलीत 20 मुले बडबडगीते म्हणताहेत आणि कोपऱ्यात सात-आठ तान्ही झोपवायची आहेत, हे चालत नाही. पडदा लावून आवाज थांबत नाही. दुसरी खोली नसेल तर स्वतंत्र जागाच बघा.

आहाराची गोम नीट समजून घ्या. अंगणवाडीत 3 ते 6 वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार मिळतो, तर 6 महिने ते 3 वर्षांच्या मुलांचा आहार घरी न्यायला देतात. आता दीड वर्षाचे मूल दिवसभर पाळणाघरात आणि त्याचे पाकीट घरच्या फळीवर! ते पाकीट बाळासोबत सकाळी आणायचे की पाळणाघरातच ठेवायचे, हे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेकडून लेखी ठरवून घ्या, नाहीतर तपासणीत ‘वाटप झाले नाही’ असा शेरा पडतो. संध्याकाळच्या खाण्याचा खर्च कोण करणार, तेही त्याच पत्रात घ्यावे.

पैशाच्या बाबतीत जुन्या आणि नव्या व्यवस्थेतला फरक चालवणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने मोठा आहे. 2017 पासूनच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाची वाटणी केंद्र 60, राज्य 30 आणि संस्था 10 टक्के अशी होती. सेविकेला महिन्याला 3,000, मदतनिसाला 1,500 रुपये मानधन होते. पालकांकडून दारिद्र्यरेषेखाली 20, महिन्याला 12,000 पर्यंत उत्पन्न असेल तर 100 आणि त्यावर 200 रुपये शुल्क. स्वतःचे दहा टक्के उभे करताना लहान महिला मंडळांची दमछाक व्हायची. अनुदानाचा हप्ता लांबला की मानधन थकायचे आणि सेविका दुसरे काम धरायची. 2020 पर्यंत देशभरात चालू पाळणाघरे साडेसहा हजारांच्या आसपास उरली. ‘पाळणा’मध्ये वाटणी केंद्र 60, राज्य 40 अशी झाली, संस्थेचा वाटा गेला. ही सुधारणा खरी. पण हप्ता वेळेवर येण्याची हमी तिने मिळत नाही. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे मिळालेला पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, अडले की पुढचा पैसा अडतो, आणि ते बहुधा क्षुल्लक कारणाने अडते: खात्यावरचे नाव आणि मंजुरीतले नाव वेगळे, एखाद्या पावतीवर तारीख नाही, हजेरीपट आणि आहार नोंदवही यांचे आकडे जुळत नाहीत. आर्थिक वर्ष संपल्यावर हे शोधत बसण्यापेक्षा दर महिनाअखेरीस पावत्या, हजेरीपट आणि आहार नोंदवही एकत्र बसून जुळवावीत. स्वतंत्र पाळणाघर चालवायचे असेल तर निदान सहा महिन्यांच्या मानधनाएवढी शिल्लक हाताशी ठेवून उतरा. तेवढी नसेल तर अंगणवाडीची वाट बरी.

मालकाच्या पाळणाघराचे गणित वेगळेच. 1948 च्या कारखाने कायद्यात 30 पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर बंधनकारक होते. साहजिकच तिसावीच्या पुढे बाई घेण्याची मालकाला धास्ती. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी ही अट आणली, आणि त्यात पुरुषही मोजले जातात. अजूनही अनेक आस्थापनांत ‘आमच्याकडे बायका पन्नास नाहीत’ हे उत्तर मिळते; ते चुकीचे आहे. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येते. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी याच्याइतकी मोलाची तरतूद दुसऱ्या कोणत्याही प्रकारात नाही. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवण्याची, किंवा सरकारी, नगरपालिकेचे वा संस्थेचे वापरण्याची मुभा आहे. औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांनी हीच वाट धरावी, असे आम्हाला वाटते. कमकुवत बाजू दोन, आणि दोन्ही मोठ्या: नोकरी गेली की पाळणाघरही गेले, आणि गर्दीच्या बसमधून बाळ नेणे-आणणे आईलाच करावे लागते.

तेव्हा निवड मुलाच्या वयावरूनही करावी. दीड वर्षापर्यंतचे मूल आईच्या कामाजवळ, त्यापुढचे घराजवळ. तीन वर्षांवरची मुले जास्त आणि आया अर्धवेळ कामाच्या असतील तर अंगणवाडीला जोडलेले पुरते. वीटभट्टी, बांधकाम किंवा कापूस वेचणीवर जाणाऱ्या आया असतील तर तिथे स्वतंत्रच हवे. कर्नाटकाने 2023 मध्ये ‘कूसिन मने’ नावाने 4,000 ग्रामपंचायतींत रोजगार हमीवरच्या मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरे जाहीर केली. पंचायतीने स्वतः जबाबदारी घ्यायची असेल तर तो नमुना जरूर अभ्यासावा.

ऊसतोडीच्या टोळ्या मात्र तिन्ही वाटांतून निसटतात. गाळपाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, मंजुरी वर्षाची, आणि मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीत. निघण्याआधी पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून घेतली तर कारखान्याजवळच्या अंगणवाडीत आहार मिळू शकतो. पण फडात पहाटेच जायचे असते, आणि त्या वेळी कोणतीच अंगणवाडी उघडी नसते. अशा ठिकाणी प्रस्ताव हंगाम सुरू होण्याच्या चार महिने आधी, जूनच्या सुमारास द्यावा, आणि त्यात वेळ पहाटेपासूनची मागावी.