वही, अ‍ॅप की शीट: पगाराचा हिशेब कशात ठेवावा?

सात तारखेला आलेला पगार वीस तारखेला कुठे गेला, हे सांगता येत नसेल तर बचतीच्या गोष्टी पुढच्या. आधी हिशेब. जळगाव-धुळ्यात खोली करून राहणाऱ्या आणि गावी घरचा कापूस किंवा केळी असलेल्या तरुणांपुढे तीन सरळ वाटा आहेत: साधी वही, बँकेचे एसएमएस वाचून आपोआप नोंद करणारं अ‍ॅप, आणि गूगल शीट, म्हणजे मोबाइलवर रकान्यांत लिहायचा तक्ता. मी तिन्ही वापरून शीटवर थांबलो आहे. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं, पण कारण ऐकून मग ठरवा.

अ‍ॅपचं श्रेय आधी देतो. पहिल्या महिन्यात त्याच्याइतकं सोपं काहीच नाही. पगार, गाडीचा हप्ता, रिचार्ज, वीजबिल सगळं स्वतःहून मांडलं जातं. ज्याचे जवळपास सगळे व्यवहार एकाच बँक खात्यातून आणि मोठ्या रकमांचे होतात, त्याला ते पुरतं.

अडचण छोट्या रकमांची आहे, आणि पैसे गळतात ते तिथूनच. यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधलं छोट्या खर्चाचं पाकीट, सुरू केलं की एका वेळी १००० रुपयांपर्यंतचा खर्च पिन न टाकता होतो आणि लाइटमध्ये ५००० पर्यंत शिल्लक ठेवता येते. बँकेच्या उताऱ्यात मात्र फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद येते. पुढचा चहा, रिक्षा, फुले मार्केटातला मोबाइल कव्हर, यातलं काहीच तिथे वेगळं दिसत नाही. शिवाय काही बँकांनी १०० रुपयांखालच्या यूपीआय खर्चाचे एसएमएसच बंद केले आहेत. मग अ‍ॅपमध्ये ‘लाइट – १०००’ अशी एक ओळ उरते आणि ते हजार कशावर गेले ते कळत नाही. आठवडे बाजारातली रोकड तर त्याला दिसतच नाही.

दुसरा घोळ वाटणीचा. हिवाळ्यात सहा जणांनी शेतात भरीत पार्टी केली. वांगी, तेल, कळण्याच्या भाकरी, सगळं मिळून १८०० रुपये एकाने दिले. बाकीच्या पाच जणांनी ३००-३०० परत पाठवले. त्याचा खरा खर्च ३००. अ‍ॅप बहुधा १८०० खर्च आणि १५०० उत्पन्न दाखवतं. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेले पैसेही कधी खर्चात धरतं. हाताने दुरुस्त करता येतं, पण रोज दुरुस्तीच करायची तर हातानेच का लिहू नये? माझा निर्णय इथे झाला. आणखी एक, एसएमएसची परवानगी दिली की ओटीपीही त्या अ‍ॅपच्या नजरेत येतात, आणि यातली बरीच अ‍ॅप पुढे कर्ज देऊ करतात. नुकतंच कमवायला लागलेल्याने हे बघूनच परवानगी द्यावी.

शीटची भीती वाटते ती छोट्या स्क्रीनवर रकाने भरायची. त्यावर उपाय गूगल फॉर्म. चार प्रश्न करा: रक्कम, प्रकार, कशातून दिले (बँक, लाइट, रोख, उधार), शेरा. तारीख आपोआप पडते. फॉर्म शीटला जोडा, त्याची लिंक क्रोममध्ये उघडून होम स्क्रीनवर ठेवा. एक नोंद दहा-पंधरा सेकंदांत होते. प्रकार आठच्या वर नेऊ नका, नाहीतर प्रत्येक वेळी विचार करावा लागतो.

रकमेच्या प्रश्नाला ‘फक्त अंक’ अशी अट लावाच. कुणी ‘२५० रु.’ असं टाकलं की शीट तो मजकूर समजते आणि बेरीज त्याला गुपचूप वगळते, चूकसुद्धा दाखवत नाही. ओळखायची खूण अशी: आकडा रकान्यात उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. बेरजा मात्र वेगळ्या पानावर, पिव्होट टेबलमध्ये (प्रकारवार बेरीज आपोआप मांडणारा शीटमधलाच तक्ता) करा. उत्तरांच्या पानावर शेजारी सूत्र लिहिलं तर नव्या ओळीत ते उतरत नाही.

भिशीही शीटमध्येच नीट बसते. दहा जण, महिन्याला २००० म्हणजे २०,००० ची भिशी. आपला नंबर लागेपर्यंत भरलेले हप्ते हे येणं. नंबर लागला की उरलेले हप्ते हे देणं. तिसऱ्याच महिन्यात २०,००० हातात आले तर ती कमाई नाही, त्यातले १४,००० अजून फेडायचे आहेत. कापसाचे पैसेही असेच. दिवाळीनंतर एकदम येतात आणि आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) पुरवायचे असतात. महिन्याचं बजेट मागणारं अ‍ॅप इथे गोंधळतं. शीटमध्ये ‘शेती’ हे वेगळं पान काढता येतं.

वहीला कमी लेखू नका. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, महिन्याला एक जोडपान. हाताने लिहिलेला खर्च लक्षात राहतो, आणि हा गुण बाकी दोघांत नाही. प्रकारवार बेरीज तेवढी कंटाळवाणी होते, म्हणून मार्चनंतर मागची पानं कुणी उलटत नाही. नंदुरबारच्या डोंगराळ भागात, धडगाव-अक्कलकुव्याकडे नोकरी असेल आणि नेटवर्क मिळत नसेल तर वहीच धरा. फॉर्मला नेटवर्क लागतं. तिथल्या नोंदी शनिवारी तालुक्याला आल्यावर शीटमध्ये चढवता येतात.

काहीही निवडलं तरी रविवारी एक ताळा घ्या: बँक, लाइट आणि खिशातली रोकड यांची बेरीज नोंदींतल्या शिल्लकेशी जुळते का? फरक आला तर शोधत बसू नका, ‘निसटलेले’ म्हणून एक ओळ टाका. ही ओळ सलग चार आठवडे ३००च्या वर राहिली, तर बहुधा रोख खर्चच लिहायचा राहतोय. तेव्हा एटीएममधून एकदम ३००० न काढता १०००च काढून पाहा.