पहिली ते चौथीचं इंग्रजी शब्दांचं पुस्तक: चित्रं झकास, पण शब्द डोक्यात राहत नाहीत

तालुक्याला बस स्टँडजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात हे पुस्तक सध्या लय खपतंय. आपल्या इकडं जूनच्या शेवटी शाळा उघडतात, तेव्हा आईबाप वह्यांसोबत हेही उचलतात, म्हणून म्हटलं लिहावं. खाजगी प्रकाशनाचं आहे, नाव देत नाही, कारण अशी बरीच आहेत, कव्हर वेगळं आणि आतला माल तोच. किंमत १४० रुपये. माझं डी.एड. झालंय, गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या पोट्ट्यांचा संध्याकाळी क्लास घेते, तिथं हे पूर्ण वापरून झालंय.

आधी चांगलं सांगते. कागद जाड आहे, रंग पक्के, अक्षर मोठं, बाइंडिंग सुटत नाही. पहिलीच्या लेकरांना चित्रं दाखवली की स्वतःहून बोलायला लागतात, ते खरंच छान वाटतं. त्यासाठी पैसे वसूल.

आता मुख्य गोष्ट. पुस्तकात एका पानावर एक विषय. फळं एका पानावर, रंग एका पानावर, वार एका पानावर, प्राणी दोन पानांवर, आणि पान उलटलं की तो शब्द पुढं पुन्हा कुठंच दिसत नाही. म्हणजे आज वीस फळं पाठ करायची, उद्या वीस भाज्या, परवा फळं गेली. पोरं घडाघडा म्हणतात हो, पाहुण्यांसमोर तर एकदम भारी वाटतं. पण तिसरीतल्या एका पोरीला मी मधूनच विचारलं, गुरुवारला इंग्रजीत काय म्हणतात, तर ती बोटं मिटत मिटत ओठातल्या ओठात संडेपासून सुरू झाली, ट्यूसडेवर थांबली, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा संडेपासून. हुशार पोरगी आहे ती, पाढे तिचे पक्के आहेत. यात तिची काही चूक नाही, ट्यूसडे आणि थर्सडे एकाच दिवशी एकाच पानावर शिकवले तर गोंधळ होणारच.

आणि हे काही माझ्याच मनाचं नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये आणि रॉब वॉरिंग यांनी १९९७ मध्ये हेच तपासलं होतं, एकाच गटातले नवे शब्द एकदम शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. पॉल नेशन हे शब्दसंग्रहावरचं मोठं नाव, तेही सांगतात की शब्द एकदा दिसून भागत नाही, थोड्या थोड्या दिवसांनी वेगवेगळ्या वाक्यांत तो परत परत भेटला पाहिजे. त्याच्याही लय आधी, १९२० च्या दशकात, मायकेल वेस्ट ढाक्याला शिकवत होते, त्यांनी वाचनाची पुस्तकंच अशी केली की नवे शब्द हळूहळू यायचे आणि आलेला शब्द पुढं वापरात राहायचा. पुढं १९५३ मध्ये त्यांची सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी आली. एवढं सगळं माहीत असताना अजून पानभर फळंच छापायची याला काय म्हणावं!

फळं तरी कोणती? किवी, ॲव्होकाडो, ॲप्रिकॉट. आमच्या पोरांनी हे पाहिलेलंच नाही. सीताफळ नाही, बोर नाही, जांभूळ नाही. कापूस तर अख्ख्या पुस्तकात नाही, आणि इथं दिवाळीनंतर घराघरात खोलीभर कापूस पडलेला असतो, लेकरं त्यावर खेळतात. परदेशी फळं नकोच असं नाही, पण सुरुवात पोराच्या वावरापासून, घरापासून केली तर त्याला बोलायला तोंड फुटेल ना.

क्रियापदांना सगळं मिळून एकच पान. गिव्ह, ब्रिंग, पुट, टेक, वॉन्ट हे शब्द नसतील तर शंभर नामं येऊनही पोरगं एक वाक्य बोलणार नाही. मी क्लासमध्ये पुस्तक बाजूला ठेवून नुसतं गिव्ह आणि ब्रिंग घेतलं, डबा, खडू, चप्पल, पाण्याची बाटली, जे हाताशी असेल ते. चौथीतलं एक पोट्टं कधीच तोंड उघडत नव्हतं, ते दुसऱ्याला म्हणालं, गिव्ह मी चॉक. मला तर लय आनंद झाला.

मराठीत दिलेले उच्चारही जपून घ्या. वेन्झडेचं वेडनेसडे छापलंय, व्हेजटेबलचं व्हेजीटेबल छापलंय. पोरं तसंच म्हणतात आणि मंग ते मोडायला महिने जातात. मागच्या कव्हरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर प्रकाशनाच्या बाकी पुस्तकांची जाहिरात उघडते, उच्चार ऐकायला काहीच नाही.

महाराष्ट्रात मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे, आणि बालभारतीचं पुस्तक जिल्हा परिषद शाळेत फुकट मिळतं, पीडीएफही फुकट उतरवता येते. आधी ते पूर्ण करून घ्या. त्यातला आजचा शब्द परवा पुन्हा विचारा, आठवड्यानं पुन्हा विचारा, प्रत्येक वेळी वेगळ्या वाक्यात, आणि जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर पोराला त्याचं चित्र काढू द्या. इंग्रजी येत नसलेल्या आईलाही हे जमतं, पोरगं चित्र दाखवून सांगतं, ती नुसती ऐकते.

पाचपैकी दोन स्टार देते, दोन्ही चित्रांचे. पहिलीसाठी घ्यायचं तर घ्या, पण ओळीनं पाठ करून घेऊ नका, एका पानावरचे तीन-चारच शब्द घ्या, बाकीचे पुढच्या महिन्यात. तिसरी-चौथीसाठी नका घेऊ. प्रकाशनवाल्यांनी हे वाचलं तर एवढंच करा, पुढच्या आवृत्तीत दर पाच पानांनी आधीचे शब्द घेऊन एक छोटी गोष्ट टाका आणि उच्चार कोणाकडून तरी तपासून घ्या.