बायनॉमियल की पॉयसन? फौंड्रीचे आकडे हातात असताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून (धातू ओतायच्या कारखान्यातून) प्रोजेक्टसाठी रिजेक्शनचे, म्हणजे नाकारलेल्या नगांचे, आकडे आणलेला विद्यार्थी बहुतेक वेळा एकच विचारतो: सर, बायनॉमियल लावू की पॉयसन? म्हणजे किती खराब निघतील याची संभाव्यता या दोनपैकी कोणत्या वितरणानं काढू? एन (तपासलेल्या नगांची संख्या) मोठा आणि पी (एक नग खराब निघण्याची संभाव्यता) लहान असेल तर पॉयसन, हे त्याला पाठ असतं. नियम बरोबरच आहे, पण तो आकडेमोड सोपी करण्यासाठी आहे. वितरण निवडायचं ते त्याच्या आधी, वहीत चल लिहितानाच.

म्हणून मी आधी एक्स म्हणजे काय ते पूर्ण वाक्यात लिहायला लावतो. 'एक्स म्हणजे रिजेक्शन' एवढ्यानं भागत नाही. '२० कास्टिंगपैकी (ओतलेल्या नगांपैकी) रिजेक्ट झालेली संख्या' हा एक यादृच्छिक चल, म्हणजे योगायोगानं बदलणारी संख्या, झाला. 'एका कास्टिंगवर दिसलेल्या ब्लो होलची (वायू अडकून पडलेल्या छिद्रांची) संख्या' हा दुसरा. दोन्हींच्या किमती ०, १, २ अशा सुट्याच. पण पहिल्यात ३ रिजेक्ट म्हटलं की १७ पास हे आपोआप कळतं. दुसऱ्यात ३ छिद्रं सापडली, तर न पडलेली छिद्रं किती? या प्रश्नाला अर्थच नाही. न घडलेलं मोजता येत असेल तर बायनॉमियलकडे जा, येत नसेल तर पॉयसनकडे. मला ही कसोटी एन-पीच्या नियमापेक्षा कितीतरी भरवशाची वाटते.

आकड्यांत फरक किती पडतो तेही बघा. रिजेक्शन ५ टक्के धरा, कास्टिंग २०. एकही रिजेक्ट नसण्याची संभाव्यता बायनॉमियलनं ०.३५८ येते, सरासरी १ घेऊन पॉयसननं ०.३६८. तीन किंवा अधिक रिजेक्ट असण्याची ०.०७५ आणि ०.०८०. एवढ्यासाठी कुणी गुण कापणार नाही.

खरी चूक होते ती लॉट (एकत्र तपासायला आलेला नगांचा गठ्ठा) लहान असताना. ४० कास्टिंगचा लॉट, त्यात २ खराब, आणि तपासायला २० उचलली. टक्केवारी तीच, ५. पण उचललेलं कास्टिंग परत लॉटमध्ये जात नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी पी बदलतो. इथे हायपरजॉमेट्रिक लागतं. एकही खराब न सापडण्याची संभाव्यता ०.२४४ होते, आणि ३ सापडण्याची शून्य, कारण लॉटमध्ये मुळात दोनच आहेत. बायनॉमियल मात्र 'तीन किंवा अधिक'ला साडेसात टक्के देऊन मोकळं होतं. पी बदलत नसेल आणि पहिलं खराब कास्टिंग कितव्या तपासणीत सापडेल असा प्रश्न असेल तर जॉमेट्रिक. त्यात फार गुंता नाही.

पॉयसनचं गाजलेलं उदाहरण लाडिस्लाउस बोर्टकिएविच यांनी १८९८ मध्ये मांडलं: प्रशियाच्या लष्करात घोड्याच्या लाथेनं झालेले मृत्यू. १० कोअर (सैन्याच्या मोठ्या तुकड्या), २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी. एकूण मृत्यू १२२, सरासरी ०.६१. पॉयसनप्रमाणे सुमारे १०९ नोंदींत एकही मृत्यू नसायला हवा होता, आणि प्रत्यक्षातही १०९ च होत्या. इतकं जुळतं, कारण एका लाथेचा दुसरीशी संबंध नसतो.

फौंड्रीत हा संबंध असतो, आणि प्रोजेक्ट फसतात ते इथेच. एका हीटची, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूची, सगळी कास्टिंग एकाच रसाची असतात. वाळूत ओल जास्त राहिली तर त्या दिवशी छिद्रं एकेकटी येत नाहीत, झुंडीनं येतात. मग पाच लॉटचे आकडे ०, ०, ९, ०, १ असे दिसतात. सरासरी २, आणि व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) त्याच्या कैक पट. पॉयसनमध्ये दोन्ही सारखे असायला हवेत, बायनॉमियलमध्ये तर व्हेरियन्स सरासरीहून कमी. असे आकडे दिसले की सूत्रात घालायची घाई करू नका. आधी हीटप्रमाणे, पाळीप्रमाणे वेगळे करा आणि प्रत्येक गटाची सरासरी नि व्हेरियन्स पुन्हा काढा.

त्यामुळे परत फौंड्रीत जाल तेव्हा सुपरवायझरकडून फक्त महिन्याचा एकूण आकडा घेऊ नका. प्रत्येक लॉटसमोर हीट नंबर, पाळी आणि तपासलेल्या नगांची संख्या उतरवून आणा.